स्वप्न चहा उकळेपर्यंतही का टिकत नाही?

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमचे वडील, आण्णा, जाऊन या आषाढात दोन वर्षं होतील. महिन्यातून एक-दोनदा स्वप्नात येतात. जुन्या वाड्याच्या ओट्यावर बसलेले असतात, अंगात बंडी, हातात अडकित्ता. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणतात. स्वप्नात ते मला स्वच्छ ऐकू येतं, मी उत्तरही देतो. मग सव्वापाचला गजर होतो (नाशिकला अंबडच्या कारखान्यात पहिली पाळी असते) आणि गॅसवरचा चहा उकळेपर्यंत त्यांचं वाक्य गेलेलं असतं. बंडी आठवते, अडकित्ता आठवतो, शब्द नाहीत.

मावसभावाच्या लग्नात जिलबी कमी पडली होती हे मला वीस वर्षांनंतरही आठवतं. मग पाच मिनिटांपूर्वी ऐकलेलं वाक्य का आठवू नये? यामागचं विज्ञान कुणी सोप्या भाषेत सांगेल का? "त्यांची काहीतरी इच्छा राहिली असेल" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. ते घरी मिळतायत.

झणझणीत
चहा उकळेपर्यंत? नशीबवान आहात. माझं उशीवरून मान उचलेपर्यंत टिकत नाही.

मावशी_कॉलेजरोड
"ते घरी मिळतायत" वाचून हसले, आणि मग जरा गलबललंही. आमच्या आईचं असंच होतं. स्वप्नात यायची, पण नेहमी पाठमोरी.

डॉ_जांभई
माझ्याकडे झोपेचे रुग्ण बरेच येतात, म्हणून थोडं लांब लिहिते.

"विसरलो" म्हणण्यापेक्षा "नीट नोंदलंच गेलं नाही" म्हणा. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा दाखवून दिला, ज्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. तीच रेम झोप. रात्रभर साधारण नव्वद-नव्वद मिनिटांची आवर्तनं चालतात आणि बहुतेक आवर्तनांच्या शेवटी रेम येते. पहिल्या आवर्तनात ती जेमतेम काही मिनिटांची असते, पहाटेकडे लांबत जाते. या काळात मेंदू जागेपणीइतकाच गजबजलेला असतो.

पण मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक छोटासा निळसर ठिपका आहे. मेंदूला लागणारं नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन मुख्यतः तिथून येतं, आणि जागेपणी "हे लक्षात ठेव" अशी खूण करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. रेममध्ये हा ठिपका जवळजवळ गप्प होतो. ॲसिटिलकोलिन नावाचं दुसरं रसायन मात्र भरपूर असतं. म्हणजे सभा भरलीय, भाषणं जोरात चाललीयत, आणि इतिवृत्त लिहिणारा कारकून रजेवर.

मग जे आठवतं ते कसं आठवतं? स्वप्न चालू असतानाच जाग आली तर शेवटचा तुकडा हाताशी असतो. जाग्या मेंदूला तो उतरवून घ्यायला थोडी उसंत लागते. तुम्ही त्या वेळात गजर शोधता, बंद करता, पाळीचा विचार करता. नव्या गोष्टींनी जुना तुकडा ढकलला जातो. जिलबीच्या वेळी तुम्ही टक्क जागे होतात, शिवाय चिडलेले होतात. चिडलेल्या माणसाच्या मेंदूत नॉरॲड्रेनॅलिनची कमी नसते :)

झणझणीत
कारकून रजेवर! दंडवत घ्या डॉक्टर.

तर्कटराव
डॉक्टरांना अनुमोदन, पण एक दुरुस्ती. हल्ली जो तो "रेम म्हणजे स्वप्न" असं समीकरण मांडतो. त्याचं मूळ १९५७ च्या डिमेंट-क्लाइटमन यांच्या प्रयोगात आहे. रेममधून १९१ वेळा माणसांना उठवलं, १५२ वेळा त्यांनी स्वप्न सांगितलं. इतर झोपेतून १६० वेळा उठवलं, तर फक्त ११ वेळा. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पुढे फूल्क्स नावाच्या संशोधकाने प्रश्न बदलला. "स्वप्न पडत होतं का?" ऐवजी "आत्ता मनात काय चाललं होतं?" असं विचारायला लागला. लगेच इतर झोपेतूनही निम्म्याहून जास्त वेळा लोक काही ना काही सांगू लागले. तेव्हा काय आठवतं हे काय विचारलं जातं यावरही ठरतं. घरात बायको "काय झालं?" विचारते तेव्हा उत्तर "काही नाही" असतं, तसंच.

डॉ_जांभई
@तर्कटराव, मान्य. लांबलचक, चित्रमय, कथानक असलेली स्वप्नं रेममध्ये जास्त, एवढंच म्हणते.

ढाराढूर
मला स्वप्नंच पडत नाहीत. आडवा झालो की थेट सकाळ. तुम्ही लोक मसालेदार खाऊन झोपता म्हणून हे सगळं होतं.

झणझणीत
@ढाराढूर, माझ्या सदस्यनामावर जाऊ नका. रात्री मिसळ मी फक्त एकदाच खाल्ली आहे.

पोहेवाला
रात्री मिसळ? नाशिककर असाल तर मिसळ सकाळी, पापडासकट, दह्याची वाटी बाजूला. रात्रीची मिसळ हा गुन्हा आहे.

झणझणीत
काळा मसाला की लाल, तेवढं सांगा म्हणजे आपली मैत्री होते का ते ठरवतो.

मावशी_कॉलेजरोड
झालं सुरू. कुठलाही धागा काढा, चौथ्या वळणावर मिसळ येतेच. बिचाऱ्याने वडिलांबद्दल विचारलंय.

अंगूरवाला
मी निफाडचा, द्राक्षबाग आहे. माझा अनुभव उलटा आहे राव. मला स्वप्नं लई आठवतात, पण फक्त हिवाळ्यात.

आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा कुठं जातो ते तुम्ही पेपरात वाचताच. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, नाहीतर ठिबक सोडायचं. त्यात लाइटचा वार रात्रीचा आला की दोनला उठून मोटर चालू करायची, चारला परत बघायची. अशी तुकड्या-तुकड्यांची झोप. त्या दिवसांत एकेका रात्रीत तीन-तीन स्वप्नं डोक्यात राहतात. एकदा बांधावर बिबट्या बसून दलालाशी भाव ठरवत होता. बायकोला सकाळी सांगितलं तर म्हणे, बिबट्याला तरी जमला का बरा भाव? उन्हाळ्यात छाटणी झाली की मेल्यासारखा झोपतो, मग काहीच नाही. हे कसं काय?

डॉ_जांभई
@अंगूरवाला, तुम्ही तर फ्रान्समधला प्रयोग निफाडात करून मोकळे झालात! लियों शहरात पेरीन रुबी नावाच्या संशोधिकेच्या गटाने २०१३ मध्ये हेच मोजलं. बहुतेक रोज स्वप्नं आठवणारे आणि क्वचित आठवणारे, असे दोन गट. झोपेत मधूनमधून जी जाग येते तिची रात्रभराची बेरीज केली. आठवणाऱ्यांची साधारण अर्धा तास, न आठवणाऱ्यांची पाव तास. जाग येण्याची संख्या नव्हे, जागं राहण्याचा वेळ लांब. शिवाय झोपेत नाव उच्चारलं तर आठवणाऱ्यांच्या मेंदूची प्रतिक्रिया जास्त ठसठशीत होती. थोडक्यात, कारकून मधूनमधून येऊन दोन ओळी खरडून जातो.

आजोबा७२
मला हल्ली सगळी स्वप्नं आठवतात. कारण विज्ञानाला विचारू नका, प्रोस्टेटला विचारा. रात्री तीनदा उठतो.

झणझणीत
आजोबा, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. पुढे वाचायची गरज नाही.

पासधारक
पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्यांपैकी मी एक. गाडीत बसलो की देवळाली यायच्या आत घोरायला लागतो आणि इगतपुरीनंतर बोगदे सुरू झाले की जाग येते. ही एवढीशी झोप, पण त्यात जी स्वप्नं पडतात ती रात्रभरात पडत नाहीत, आणि ती दादरपर्यंत आठवतात. शेजारचा पासवाला रोज विचारतो, "आज काय पाहिलंस?" गेल्या मंगळवारी गोदाकाठचा दुतोंड्या मारुती तिकीट तपासत होता. दोन्ही तोंडांनी वेगवेगळं भाडं सांगत होता.

तर्कटराव
@पासधारक, हे बरोबर बसतं. रेमला घड्याळाची ओढ असते, पहाट ते सकाळ हा तिचा वेळ. गाडीसाठी लवकर उठून तुम्ही रात्रीची शेवटची रेम कापता आणि ती गाडीत वसूल करता. त्यात बोगद्यांचा आवाज आयता मधेच उठवतो. गादीपेक्षा सीटवर स्वप्न आठवलं तर नवल नाही.

सुलोचनाताई_गंगापूररोड
सगळे विज्ञान सांगताय ते ठीक, पण आमच्या घरात पहाटेचं स्वप्न खरं होतं असंच मानतात, आणि आमच्या थोरल्या जाऊबाईंचं झालंही आहे. जुनी माणसं वेडी नव्हती.

तर्कटराव
ताई, जुनी माणसं अजिबात वेडी नव्हती. पहाटेची रेम सगळ्यात लांब, आणि तिच्यातूनच आपण उठतो. म्हणून आठवणीत राहतात ती स्वप्नं बहुतेक पहाटेचीच. रात्री बाराला पडलेलं खरं झालं तरी कळणार कोणाला? आणि पहाटेची जी शंभर खोटी ठरली ती आपण कुठं मोजतो? निरीक्षण पक्कं होतं, निष्कर्ष घाईचा.

सुलोचनाताई_गंगापूररोड
तुम्ही जाऊबाईंना भेटलेले नाही, म्हणून असं म्हणताय.

सातपूरची_सून
मी मध्यंतरी ठरवलं की उठल्या उठल्या मोबाइलमध्ये आवाज टेपायचा. लिहायचा आळस. आठ दिवसांनी सगळं एकत्र ऐकलं. एका सकाळचं असं आहे: "हिरवी बादली... नाही, मामी आहे ती... रविवार कारंज्यावर उतरायचं..." मग दोन मिनिटं घोरणं. ते घोरणं माझं नाही असं मी घरी सांगितलंय.

पुस्तकी_कसर
@सातपूरची_सून, तुम्ही एकट्या नाही. सावानात (आपल्या सार्वजनिक वाचनालयात) एकदा जुनी मासिकं चाळताना ऑटो लोवी यांचा किस्सा वाचला होता, तो इथे सांगायलाच हवा.

लोवी ऑस्ट्रियात ग्राझला प्राध्यापक. नस स्नायूला निरोप देते तो विजेने की रसायनाने, हा त्यांच्या डोक्यातला जुना प्रश्न. एका रात्री स्वप्नात प्रयोगच दिसला. जागे झाले, दिवा लावला, कागदाच्या चिटोऱ्यावर खरडलं आणि परत झोपले. सकाळी सहाला आठवलं की रात्री फार महत्त्वाचं काहीतरी लिहिलंय. पण स्वतःचंच अक्षर लागेना! अख्खा दिवस त्या चिटोऱ्याकडे बघण्यात गेला. पुढच्या रात्री तीन वाजता तोच विचार परत आला. या वेळी गडी लिहीत बसला नाही, उठून तडक प्रयोगशाळेत गेला आणि बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग करून मोकळा झाला. एका हृदयाची नस उत्तेजित केली, त्याचे ठोके मंदावले. त्यातला द्राव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावलं. म्हणजे निरोप रसायनाचा. १९२१ मध्ये ते छापून आलं, १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल.

आता खरी गंमत. ते रसायन कोणतं होतं? ॲसिटिलकोलिन. डॉक्टरांनी वर लिहिलंय ना, रेममध्ये भरपूर असतं ते. त्याच्याच जिवावर पडलेल्या स्वप्नात त्याचाच पत्ता लागला, म्हणायला हरकत नाही.

झणझणीत
आणि तरी अक्षर लागेना! आमच्या मेडिकलवाल्याकडे न्यायचा होता तो चिटोरा, त्याने औषध काढून दिलं असतं.

डॉ_जांभई
@झणझणीत, माझ्याकडे बघून बोलताय ना?

@पुस्तकी_कसर, किस्सा माहीत होता, पण ही सांगड माझ्या लक्षातच आली नव्हती. (स्वप्न रेममधलंच होतं याला पुरावा नाही, तर्कटराव यायच्या आत मीच सांगून टाकते.)

तर्कटराव
आलोच होतो.

मनकवडा
सगळं रसायनांवर ढकलू नका. फ्रॉइडने १९०० सालीच सांगितलंय की स्वप्न विसरणं हे मनाचं काम आहे. जे झेपत नाही ते मन दाबून टाकतं. पंचवटीकरांच्या मनात वडिलांबद्दल काही राहून गेलं असेल, म्हणून नेमके शब्दच जातात. रागावू नका, पण विचार करा.

मावशी_कॉलेजरोड
"रागावू नका" म्हणून लोक नेमकं रागवावं असंच लिहितात.

तर्कटराव
@मनकवडा, नको असलेलं विसरतो हे खरं असतं तर भयाण स्वप्नं आधी गेली असती. होतं उलटच. परीक्षेला पोचलो आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा, हे स्वप्न मला पन्नाशीतही लख्ख आठवतं. आणि रात्रभर कांदे निवडत बसलोय असलं रटाळ, निरुपद्रवी स्वप्न पार पुसलं जातं. त्यात काय दाबायचंय?

दुसऱ्या टोकाला फ्रान्सिस क्रिक, डीएनएवाले. त्यांनी मिचिसन यांच्यासोबत १९८३ मध्ये मांडलं की आपण स्वप्नं पाहतो तीच मुळी विसरण्यासाठी. दिवसभर मेंदूत नको ते धागे गुंततात, रेममध्ये ते सोडवले जातात. म्हणजे स्वप्न आठवत बसणं हे घंटागाडीत टाकलेला कचरा परत घरात आणण्यासारखं. ही कल्पना सिद्ध झालेली नाही, पण मला आवडते.

पुस्तकी_कसर
त्याला थोडा आधार मिळालाय की. जपानमध्ये नागोया विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांवर काम केलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात एमसीएच नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी आहेत, त्यातल्या काही रेममध्येच जाग्या होतात. नेमक्या रेमच्या वेळी या पेशी बंद केल्या, तर उंदरांना आदल्या दिवशीचं जास्त चांगलं आठवलं. म्हणजे विसरायला लावणारी यंत्रणाच तिथं चालू असते. कारकून नुसता रजेवर नाही, कोणीतरी पाटीही पुसतंय.

पोहेवाला
पण उंदराला स्वप्न आठवलं का, हे विचारलं कोणी?

पुस्तकी_कसर
नाही ना. त्यांनी तपासली ती नवी वस्तू ओळखण्याची आणि भीतीची आठवण. स्वप्नापर्यंत ती उडी आपण मारतोय.

ढाराढूर
मी मघाशी लिहिलं, त्यावर कुणी बोललंच नाही. मला खरंच पडत नाहीत. बायको म्हणते मी झोपेत हातवारे करतो, एकदा "अरे रिव्हर्स घे, रिव्हर्स" असं ओरडलो म्हणे. पण स्वप्न नाही.

डॉ_जांभई
@ढाराढूर, मग तुम्ही द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होतात, एवढं नक्की!

आता गंभीरपणे. रेममध्ये शरीराचे स्नायू ढिले पडलेले असतात म्हणून आपण स्वप्न "करत" नाही. काहींत हा ब्रेक निकामी होतो आणि ते स्वप्नातली मारामारी खरोखर करतात. पॅरिसच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा रुग्णांतले काही जण दाखवले, जे शपथेवर सांगायचे की आयुष्यात कधी स्वप्न पडलं नाही, पण झोपेत भांडत होते, बोलत होते, अगदी स्वप्नातल्यासारखं. म्हणजे निदान त्यांच्यापुरतं तरी "पडत नाही" याचा अर्थ "आठवत नाही" असाच होता.

झोपेत बोलणं पुष्कळांना असतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण हातवारे जोरात असतील, लाथा बसत असतील, वय पन्नाशीपुढचं असेल, तर एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या. हे थट्टेत म्हणत नाहीये.

ढाराढूर
वय त्रेपन्न. दाखवतो. धन्यवाद.

द्राक्षरस
अवांतर: आपल्या गावाला वाइनची राजधानी म्हणतात म्हणून विचारतो. दोन ग्लास झाल्यावर झोप गाढ लागते, पण पहाटे चित्रविचित्र स्वप्नं पडतात. माझंच असं होतं का?

डॉ_जांभई
सगळ्यांचंच. दारू पूर्वार्धातली रेम दाबते, उतरली की रेम थकबाकी वसूल करते. नैराश्यावरची बरीच औषधं रेम कमी करतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी स्वप्नं भडक होतात. हे वाचून कुणी परस्पर गोळी बंद केली तर मी धागा सोडून जाईन.

पंचवटीकर
बापरे, दोन पाळ्या करून आलो तर एवढं वाचायला! सगळ्यांचे आभार. @मनकवडा, रागावलो नाही. राहून गेलेलं बरंच आहे, पण ते मला जागेपणीही आठवतं, त्याला स्वप्न लागत नाही.

एकच विचारतो. ते वाक्य पकडायचं असेल तर काय करू?

डॉ_जांभई
गजर नसलेला दिवस निवडा. जाग आली की हलू नका, डोळे उघडू नका, कूस बदलू नका. "काय स्वप्न होतं" असं शोधू नका. शेवटचं जे चित्र हाताशी असेल ते धरा आणि तिथून मागे जा. मगच वही. झोपताना मनाशी म्हणा की उद्या आठवायचंय. भाबडं वाटेल, पण वही ठेवणाऱ्यांना काही दिवसांत जास्त आठवायला लागतं, हे वारंवार दिसलंय.

आजोबा७२
आणि झोपताना तांब्याभर पाणी प्या. जाग आपोआप येईल.

अंगूरवाला
नाहीतर निफाडला या. दोनला उठवायची जबाबदारी माझी.

पंचवटीकर
धागा वर काढतोय, कारण सांगितल्याशिवाय राहवेना. तीन आठवडे वही उशाशी आहे. बहुतेक पानांवर काहीबाही: "गोदावरीला पूर, पण चप्पल कोरडी", "साहेब घोड्यावर". सौ. ती पानं मोठ्याने वाचून मुलांना हसवते.

काल साप्ताहिक सुट्टी. जाग आली तेव्हा बाहेर अंधारच होता. हललो नाही. आधी अडकित्त्याचा आवाज आला, मग ओटा, मग आण्णा. आणि या वेळी वाक्य होतं. अंधारातच लिहिलं, अक्षर लोवींच्या वरताण, पण लागलं.

"टाकीचा कॉक बंद केला का रे?"

एवढंच. सकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग? दुसरं काय विचारणार ते? तीस वर्षं रोज रात्री तेच विचारत होते." आणि मग बराच वेळ तीच जुडी निवडत बसली.

मावशी_कॉलेजरोड
...

झणझणीत
आज माझ्याकडे विनोद नाही.

अंगूरवाला
भाऊ, मग केला होता का बंद?

पंचवटीकर
केला होता. तरी जाऊन बघून आलो.